फक्त हनुवटी पुढे घेतली तर चालेल का?

"माझी हनुवटी आत आहे. बाजूने फोटो काढला की चेहरा ओठांखाली एकदम संपल्यासारखा वाटतो. नुसती हनुवटी पुढे घेतली तर चालेल का, की जबड्याचंच ऑपरेशन करावं लागेल?" तुम्ही हे विचारलंत, आणि तुमच्याआधी अनेकांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

हनुवटीचा निर्णय दात बघितल्याशिवाय होत नाही. आरशासमोर बसा, मागच्या दाढा नेहमीसारख्या मिटा आणि बोटांनी ओठ बाजूला करा. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या २-३ मिलिमीटर पुढे असतील तर ते ठीकच. हे अंतर ७-८ मिलिमीटर असेल, तर बहुधा खालचा अख्खा जबडाच मागे राहिलेला असतो आणि हनुवटी त्याच्याबरोबर मागे गेलेली असते. अशा वेळी नुसती हनुवटी सरकवली तर फोटो सुधारतो, पण चावा तसाच राहतो. वडापावचा घास पुढच्या दातांनी तुटत नाही आणि खालचा ओठ वरच्या दातांमागे अडकत राहतो. दात नीट बसत असतील आणि तरीही हनुवटी आत असेल, तर मात्र हनुवटीचं छोटं ऑपरेशन बहुतेकदा पुरतं.

आणखी एक प्रकार सहज नजरेतून सुटतो. हसताना वरच्या हिरड्या भरपूर दिसतात, ओठ मिटायला जोर लावावा लागतो आणि तो लावला की हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडतात. इथे वरचा जबडा उंचीने जास्त वाढलेला असतो आणि त्याने खालच्या जबड्याला खाली-मागे ढकललेलं असतं. वरचा जबडा ४-५ मिलिमीटर वर बसवला की खालचा जबडा कानापुढच्या सांध्यावर, दार बिजागरीवर फिरावं तसा, वर आणि पुढे येतो. हनुवटीला हातही न लावता ती पुढे आलेली दिसते. म्हणून "हनुवटीचं करून द्या" अशी मागणी घेऊन जाऊ नका, तपासणी करून घ्यायला जा.

एक सांगायलाच हवं. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि हनुवटी लहान दिसते. दुसऱ्या कुणाकडून ५-६ फुटांवरून, मान सरळ ठेवून, ओठ सैल सोडून बाजूचा फोटो काढून घ्या. त्यातही खटकत असेल तरच पुढे विचार करा.

तपासणीत चेहऱ्याच्या बाजूचा सेफॅलोग्राम हा एक्स-रे, दातांचे साचे किंवा स्कॅन, फोटो आणि बहुतेकदा सीबीसीटी, म्हणजे जबड्यांचा त्रिमितीय स्कॅन, असतं. सेफॅलोग्रामवर कोन मोजतात. कवटीच्या तळाच्या रेषेशी वरच्या जबड्याचा कोन साधारण ८२ अंश, खालच्याचा ८० आणि फरक २. हे आकडे मुळात गोऱ्या लोकांच्या चेहऱ्यांवरून आले आहेत. आपल्याकडे दात-ओठ थोडे पुढे असणं स्वाभाविक आहे. चेहरा नीट न बघता आकड्याच्या मागे लागणारा सल्ला मी तरी मानणार नाही.

वयाचंही बघावं लागतं. हाडांची वाढ पूर्ण व्हायला हवी. मुलींमध्ये ती साधारण १६-१७ला थांबते, मुलांमध्ये १८च्या पुढेही चालू राहते. खालचा जबडा पुढे आलेला असेल तर ६ महिने ते वर्षभराच्या अंतराने दोन सेफॅलोग्राम काढून ते जुळवून बघतात. घाईने केलं आणि जबडा नंतर वाढला, तर सगळी मेहनत फुकट जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि नेमका हाच उशिरा कळतो. ऑपरेशन करायचं की नाही हे ब्रेसेस लावण्याआधी ठरायला हवं. जबडा मागे असला की शरीर आपोआप तडजोड करतं, म्हणजे खालचे दात पुढे झुकतात. ऑपरेशन करायचं असेल तर ही तडजोड आधी मोडावी लागते. जागा लागली तर खालच्या छोट्या दाढा काढून खालचे पुढचे दात सरळ उभे करतात. ऑपरेशन टाळून दातांवरच भागवायचं असेल तर वरच्या छोट्या दाढा काढून वरचे दात मागे ओढतात. दोन वाटा अगदी उलट दिशेच्या आहेत. आधी दुसऱ्या वाटेने दोन वर्षं गेली आणि मग ऑपरेशन करावंसं वाटलं, तर जबडा पुढे आणायला जागाच उरलेली नसते. दाढ काढायच्या आधी ऑर्थोडॉन्टिस्ट (ब्रेसेस लावणारे दंतवैद्य) आणि मॅक्सिलोफेशियल सर्जन (जबड्याचं ऑपरेशन करणारे) या दोघांनी एकत्र बसून आराखडा ठरवलाय का, एवढं विचाराच.

ब्रेसेसचा हा पहिला टप्पा १२ ते १८ महिन्यांचा असतो. या काळात चेहरा आधीपेक्षा वाईट दिसू लागतो, कारण झाकलेलं अंतर उघडं पडतं. घाबरू नका, हे अपेक्षित आहे. खालच्या अक्कलदाढा अडकलेल्या असतील तर त्या साधारण ६ महिने आधी काढतात, कारण पुढे हाड तिथूनच चिरायचं असतं. ऑपरेशननंतर आणखी सहाएक महिने ब्रेसेस राहतात. डिसेंबरात लग्न आहे म्हणून मे महिन्यात येणाऱ्यांना म्हणूनच नाही म्हणावं लागतं.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, नाकातून श्वासासाठी नळी घालून होतं आणि सगळे छेद सहसा तोंडाच्या आतून घेतात. वरचा जबडा दातांच्या मुळांच्या वर आडवा चिरतात. खालचा जबडा दोन्ही बाजूंना दाढांच्या मागे उभा दुभंगतात आणि पुढे-मागे सरकवून टायटॅनियमच्या पट्ट्या-स्क्रूंनी धरतात. पूर्वीसारखं सहा आठवडे तोंड तारेने बांधून ठेवावं लागत नाही, बहुतेकदा रबर बँड पुरतात. खालच्या ओठाची संवेदना नेणारी नस त्या हाडातूनच जाते. म्हणून सुरुवातीला खालचा ओठ आणि हनुवटी बहुतेकांची बधीर असते. संवेदना महिन्यामहिन्याने परतते, पण काहींच्या हनुवटीवर बधिर चट्टा कायमचा राहतो, आणि वय जास्त तशी ही शक्यता वाढते. हे मान्य नसेल तर ऑपरेशन करू नये. घोरण्याचा त्रास असलेल्यांनी झोपेची तपासणी आधी करून घ्यावी, कारण खालचा जबडा मागे नेला की श्वासाची वाट अरुंद होऊ शकते.

हनुवटीचं ऑपरेशन म्हणजे जिनिओप्लास्टी, साधारण तासाभराचं काम. खालच्या ओठाच्या आतून छेद घेतात आणि नसेच्या छिद्राखाली निदान ५ मिलिमीटर जागा सोडून हाड आडवं कापतात, कारण नस बाहेर येण्याआधी थोडी खाली वळसा घेते. तुकडा बहुतेकदा ४ ते ८ मिलिमीटर पुढे सरकवतात. त्याहून फार पुढे नेला तर जबड्याच्या कडेला खाच दिसते आणि ओठाखालची घडी खोल होते. शिवताना हनुवटीचा स्नायू नीट जागेवर बांधला नाही तर हनुवटी लोंबते आणि खालचे दात जास्त दिसू लागतात. सिलिकॉन इम्प्लांट त्याहून सोपं असतं, पण ते सरकू शकतं, त्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि उंची कमी करायची असेल तर त्याचा उपयोग नाही. शक्य तिथे स्वतःचं हाड सरकवणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

दोन्ही जबडे केले तर बहुतेकदा २ ते ४ दिवस रुग्णालयात राहावं लागतं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, बरीचशी ३ आठवड्यांत उतरते, उरलेली महिनोन्‌महिने रेंगाळते. पहिले दोन आठवडे फक्त पातळ: ताक, नाचणीची आंबील, मुगाच्या डाळीचं पाणी, मिक्सरमधून काढून गाळलेला वरणभात. दिवसाला २ लिटरच्या आसपास पोटात जायला हवं. स्ट्रॉने ओढून पिऊ नका, चमच्याने किंवा सिरिंजने घ्या. ओठ बधीर असताना चहा आधी बोटाला लावून बघा, कारण ओठ भाजला तरी कळत नाही. वरचा जबडा केला असेल तर २-३ आठवडे नाक शिंकरायचं नाही. मऊ खाणं ६ आठवडे. आणि तेवढे दिवस गर्दीच्या वेळची लोकल नको, दादरच्या पुलावर एक कोपर लागलं तरी पट्टी हलू शकते.

खर्चासाठी मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं पालिकेचं नायर दंत महाविद्यालय, दोन्हीकडे चौकशी करा. रांग मोठी असते, पण ऑर्थोडॉन्टिस्ट आणि सर्जन एकाच छपराखाली मिळतात. विमा कंपन्या सौंदर्यासाठीचं ऑपरेशन नाकारतात. चावणं, बोलणं किंवा श्वास यांची अडचण असेल तर ती मोजमापांसह लिहून घ्या आणि मंजुरी आधी मागा.

जबड्याबरोबर हनुवटीही करायची का, अशी शंका उरली तर हनुवटीचं काम नंतरसाठी ठेवा. जबडा जागेवर आला आणि ६ महिने सूज उतरू दिली की पुन्हा बाजूचा फोटो काढा. तेव्हाही खटकली, तर ती तेवढ्यापुरती वेगळी करता येते.