तुम्ही विचारलंत म्हणून: इतिहासाचं कोणतं पुस्तक देऊ?

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर, मीटरच्या खोलीला लागून, दोन लोखंडी कपाटं आहेत. शनिवारी दुपारी तीन ते पाच मी ती उघडते. साताऱ्यातलं माझं मुलांचं वाचनालय म्हणजे एवढंच: दोन कपाटं, एक सतरंजी आणि सह्या करायची वही. मुलांना सोडायला आलेल्या आईबापांचा प्रश्न मात्र ठरलेला. "ताई, आमच्या पोराला इतिहासाची अजिबात गोडी नाही हो. कोणतं पुस्तक देऊ?"

पूर्वी मी लगेच हात घालून एखादं काढून द्यायची. एकदा सातवीतल्या एका मुलाला अशीच जाडजूड ऐतिहासिक कादंबरी दिली. का, तर त्याच्या वयाची असताना मला ती आवडली होती. तीन आठवड्यांनी परत आली, तेव्हा खूण म्हणून घातलेलं एसटीचं तिकीट अकराव्या पानावर होतं. "नाही आवडली का रे?" तर म्हणाला, "चांगली आहे. पण सगळे नुसते बोलतात. जेवतात कधी?"

तेव्हा हसू आलं. आता पुस्तक विकत घेताना मी तेच बघते. यात कुणाला भूक लागते का, कुणाचे पाय दुखतात का, जवळचे पैसे संपत आले की कळतं का.

म्हणून तुम्ही विचारलंत तर माझं पहिलं उत्तर मसूरचं. आपल्याच जिल्ह्यातलं, मसूर स्टेशन. साल १९०१. दहा वर्षांचा भीमराव आंबेडकर साताऱ्याहून गाडीनं तिथं उतरतो, सोबत थोरला भाऊ आणि घरातली पोरं. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार, दुष्काळी कामावर. सुट्टीला बोलावलंय म्हणून पोरं नटून निघालेली: विलायती धाटणीचे सदरे, झगमगीत टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. न्यायला कुणीच आलेलं नाही. स्टेशनमास्तर आधी प्रेमानं चौकशी करतो, आणि भीमराव पटकन खरं सांगून टाकतो, आम्ही महार. मास्तरचा चेहराच पालटतो. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल होतो, तेही पोरांनी गाडी स्वतः हाकायची आणि त्यानं बाजूनं चालायचं, या अटीवर. मध्यरात्री टोलनाक्यावर गाडी सुटते. मुसलमान आहोत म्हणून सांगा, असं गाडीवानानं शिकवलेलं, म्हणून भीमराव नाकेदाराशी उर्दूत बोलून पाणी मागतो. नाकेदार फसत नाही. पाणी डोंगरावर आहे, जाऊन आणा, म्हणतो. आत्यानं दिलेला डबा भरलेला आहे, पोटात आग पडलीय, पण पाण्यावाचून घास उतरायचा नाही. पोरं तशीच उपाशी झोपतात.

हे कुणा कादंबरीकारानं रचलेलं नाही. बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवलेल्या, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं पुढं छापल्या गेलेल्या आठवणींतलं आहे. त्यावरून २०११ साली 'भीमायन' नावाची चित्रकथा निघाली. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड जोडप्याची. पानाचे चौकोन कापलेलेच नाहीत. माणसाचं बोलणं सरळ असलं की फुगा पक्ष्याच्या आकाराचा, बोलण्यात विष असलं की फुग्याला विंचवाची नांगी. माझ्याकडं इंग्रजी प्रत आहे, मी बसून मराठीत सांगते. माझं सांगणं सुरू व्हायच्या आत मुलांनी विंचू मोजायला घेतलेले असतात.

अमर चित्र कथा द्यावी का, हेही बरेच विचारतात. द्या की. १९६७ साली अनंत पैंनी ती सुरू केली. दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देव माहीत आणि रामाच्या आईचं नाव येईना, हे बघून म्हणे त्यांना ते सुचलं. माझं बालपण त्यावरच गेलं. फक्त जोडीला बसा. चांगला तो गोरा नि रेखीव, वाईट तो काळा नि दांडगा, असं चित्रांत फार वेळा होतं. मी काही बोलत नाही. "हा आधीपासूनच व्हिलन दिसतो," असं पोरंच म्हणतात.

शिवाजी महाराजांवरचं द्या, ही मागणी तर बहुतेकांची. तिथं मी गोनीदांकडं, म्हणजे कादंबरीकार गो. नी. दांडेकरांकडं वळते. गड पायी तुडवलेला माणूस. त्यांच्या पुस्तकात चढ आला की आपल्यालाही धाप लागते. मावळी बोलीशी मुलं अडखळतात, म्हणून पहिली वीसेक पानं मोठ्यानं वाचून दाखवा. पुढचं ती बघतील.

नववी-दहावीच्या मुलांसाठी माझं हुकमी पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक, डोक्यावर कर्ज, उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, म्हणून १८५७ साली काकांबरोबर निघतो आणि थेट बंडात सापडतो. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा तो गावातच होता. लूट कशी झाली ते तो सांगतो: आधी सोनंनाणं, मग भांडी, मग कपडे, मग धान्य. साठवलेली दक्षिणा लुटली जाते आणि भटजी गंगेची कावड घेऊन घरी येतात. पुस्तक छापलं गेलं १९०७ मध्ये. शाळेच्या पुस्तकात राणी घोड्यावर असते. इथं तिच्या गावात एक घाबरलेला कोकणी माणूस लपून बसलाय. भाषा जुनी आहे, हे खरं. तरी एका दहावीच्या मुलीनं दोन दिवसांत संपवलं आणि परत देताना विचारलं, "यांचं कर्ज फिटलं का शेवटी?"

मसूरचं अजून एक राहिलं. न्यायला कुणी का आलं नाही, हे त्या आठवणींत शेवटी कळतं. येतोय म्हणून पोरांनी पत्र पाठवलेलं होतं, पण वडिलांच्या नोकरानं ते त्यांना दिलंच नव्हतं, विसरला. मागच्या महिन्यात सतरंजीवर मी हे सांगितलं, तेव्हा पाचवीतली एक मुलगी सगळ्यात जास्त चिडली ती त्या नोकरावर. स्टेशनमास्तरवर नाही, नाकेदारावर नाही. तिचा मामा मसूरलाच राहतो.

"मग त्याला कुणी रागावलं का?"

म्हटलं, ते पुस्तकात नाही.

तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मागून पुढं चाळलं आणि वहीत सही करून घरी नेलं. मागच्या वेळचं तिनं अजून परत केलेलं नाही.