चोवीस तासांसाठी मिळालेली नस्ती

माझी सगळी नोकरी जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात आणि नक्कल विभागात गेली. म्हणून ब्राझीलमधली ही हकिगत वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

तिथे 1964 ते 1985 लष्कराची राजवट होती. राजकीय खटले लष्करी न्यायालयांत चालत आणि अपिलात गेले की कागदपत्रं राजधानी ब्रासिलियातल्या सर्वोच्च लष्करी न्यायालयात येत. 1979 साली माफीचा कायदा झाला. माफीच्या अर्जाच्या तयारीसाठी वकिलांना मूळ नस्ती, म्हणजे खटल्याची फाइल, चोवीस तास बाहेर नेता येई. काही वकिलांनी नेमकी हीच सवलत हेरली. नस्ती न्यायची, झेरॉक्स काढायची, मुदतीत परत करायची. साओ पाउलोचे कार्डिनल (कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू) आर्न्स त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सोबत पाद्री जायमी राइट होते. त्यांचा भाऊ 1973 मध्ये उचलला गेला तो परत आलाच नाही. पैसा जिनिव्हाच्या जागतिक चर्च परिषदेने पुरवला. असे 707 खटले उतरवले गेले, पानं दहा लाखांच्या आसपास!

दहा लाख म्हटलं की मला आधी हात दिसतात. बस्ता सोडणारे, पान क्रमांक जुळवणारे, होती तशीच नस्ती पुन्हा बांधणारे. एखादं पान मागेपुढे लागलं असतं तर सगळ्यांच्या जिवावर बेतलं असतं.

आणि त्या पानांत काय होतं? विजेचे झटके, उलटं टांगणं, मारहाण. आरोपींनी हे न्यायाधीशांसमोर सांगितलं होतं आणि ते त्यांच्या जबाबात नोंदलं गेलं होतं. प्रत्येक वेळी नाही. नोंद घ्यायला नकार देणारे न्यायाधीशही होते. पण जे उतरलं ते राजवटीच्याच दप्तरात राहिलं. त्यामुळे 1985 मध्ये त्यावर ‘ब्राझील : नुंका माईस’ (पुन्हा कधीच नाही) हे पुस्तक आलं, तेव्हा विरोधकांनी रचलेलं कुभांड म्हणून ते उडवून लावणं कठीण झालं. ज्या लेखनिकांनी ते जबाब लिहून घेतले, त्यांच्यापुढे मी मनापासून हात जोडतो.

तरी माझ्या लेखी पुस्तकापेक्षा नस्ती मोठी. पुस्तकात दुसऱ्याने निवडलेलं येतं; नस्तीत उलटतपासणी, पंचनामा, नको असलेलं सगळं असतं. मायक्रोफिल्म करून परदेशी ठेवलेल्या प्रती 2011 मध्ये ब्राझीलला परत आल्या आणि 2013 पासून त्या इंटरनेटवर कोणालाही वाचता येतात.

आपल्याकडे 1954 च्या आर्मी रूल्समध्ये (संक्षिप्त म्हणजे समरी कोर्ट मार्शल सोडून) कोर्ट मार्शलची कागदपत्रं किमान सात वर्षं किंवा शिक्षा संपेपर्यंत, यातली जी मुदत नंतरची असेल तोवर, जपण्याची तरतूद आहे. आरोपीला नक्कलही मागता येते. मला ही मुदत फार तोकडी वाटते. शिक्षा झालेल्या जवानाची मुलगी मोठी होऊन वडिलांचा खटला वाचू पाहील, तेव्हा सात वर्षं केव्हाच सरलेली असतील. असे कागद कायमस्वरूपी जतनाच्या वर्गात टाकावेत आणि ठराविक काळानंतर राष्ट्रीय अभिलेखागारात सर्वांना खुले करावेत.