तुम्ही विचारलंत म्हणून: शनिवारी येणारे बाबा

"तुमचे बाबा तर कायम बाहेरगावी असायचे. तरी तुम्हा भावंडांच्या तोंडी सारखे बाबाच कसे?" हे मला आजवर किती जणींनी विचारलं असेल! हल्ली तर जास्तच. नवरा हैदराबादला नाहीतर पुण्याला आणि बायको-मुलं इंदुरात, अशी घरं आमच्या रामबागेतच किती निघतील. विचारणारीच्या आवाजात कुतूहलापेक्षा काळजी असते, ते कळतं मला. पण जिन्यात उभ्या-उभ्या मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. आज बसून सांगते.

बाबा पाण्याचे इंजिनियर. इथल्याच गोविंदराम सेक्सरिया कॉलेजात शिकले, पीएचईत म्हणजे सरकारच्या पाणीखात्यात लागले आणि नोकरीतली बरीच वर्षं जलूदला काढली. जलूद हे मंडलेश्वरजवळचं, नर्मदेकाठचं गाव. इंदूरचं पाणी तिथून निघतं, सत्तरेक किलोमीटरवरून.

एवढ्या लांबून का, हे इथे नव्यानं आलेल्यांना ठाऊक नसतं. शहर माळव्याच्या पठारावर, पाणलोटाच्या माथ्याशी वसलेलं. खान आणि सरस्वती या नावापुरत्या नद्या. सिरपूर आणि बिलावलीचे तलाव, मग होळकरांच्याच काळात गंभीर नदीवर झालेला यशवंत सागर, यांच्यावर संस्थानाच्या राजधानीचं भागलं. पुढे फुगत गेलेल्या शहराचं भागेना. 1970 साली लोक नर्मदेसाठी रस्त्यावर उतरले आणि 1978 साली नर्मदा इंदुरात पोचली. मंडलेश्वरपाशी नदी समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास, इंदूर साडेपाचशेवर. मधला विंध्याचा घाट इंदुराहूनही उंच, त्यात पाइपातलं घर्षण. सगळं धरून पंपांना पाचशे मीटरच्या वर जोर काढावा लागतो. बाबांनी आम्हाला घरगुती हिशेब करून दिला होता: हजार लिटर पाणी वर चढवायला साधारण दोन युनिट वीज. म्हणजे पंधरा लिटरची बादली सांडली की साठचा बल्ब अर्धा तास फुकट जाळला. कुणी नळ उघडा टाकला की ते घरातून नुसते "बल्ब!" म्हणून ओरडायचे. आम्ही दिवे मालवायला विसरतो, असा शेजाऱ्यांचा पक्का समज होता.

शनिवारी काम उरकून ते निघायचे. रोडवेजची बस धामनोद, मानपूर, महू करत सरवटे स्टँडला लागेपर्यंत रात्र व्हायची. आजी तोवर जेवायची थांबलेली. लेक दमून येणार म्हणून त्याच्या आवडीची भाजी, त्याचं वेगळं ताट, आणि आम्हाला ताकीद: बाबांना त्रास द्यायचा नाही, तक्रारी सांगायच्या नाहीत. बाहेरगावी नोकरी करणाऱ्या माणसाचा घरोघरी असा पाहुणा करून टाकतात. त्याच्यासमोर मुलं शहाण्यासारखी वागतात, भांडणं सोमवारपर्यंत झाकून ठेवतात. त्यालाही ते आवडायला लागतं आणि दोनचार वर्षांत त्याला घरातली साखर कुठे असते तेही माहीत नसतं. बाबांनी हे चालू दिलं नाही. "आई, मी या घरचा जावई नाही," म्हणत ते स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचं पान स्वतः वाढून घ्यायचे, आणि जेवता जेवता तक्रारींचीच चौकशी करायचे.

घरातली काही कामं त्यांची होती. ती दुसऱ्या कुणी करायची नाहीत; आठवडाभर पडून राहिली तरी चालतील. रविवार सकाळचे पोहे त्यांचे. पातेल्यातल्या उकळत्या पाण्यावर ठेवून वाफवलेले, वरून शेव आणि जिरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला. गळक्या नळाला वायसर घालणं त्यांचं; जुन्या चपलेच्या चामड्यातून कापलेली गोल चकती ते आधी तेलात बुडवून ठेवत. आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे आमच्या गणवेशांची इस्त्री. तिघा भावंडांचे आठवड्याभराचे कपडे, रविवारी संध्याकाळी, जमिनीवर घोंगडी अंथरून. माझ्या स्कर्टच्या चुण्या ते फूटपट्टीनं सारख्या करायचे, प्रत्येक चुणीला खाली कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचे, मग ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवायचे. चुणी अर्ध्या बोटानं सरकली तर सगळे चिमटे काढून परत पहिल्यापासून. आई म्हणायची, शाळेत जायचंय तिला, परेडला नाही.

आम्ही तिघं पाळीपाळीनं त्या घोंगडीच्या कडेला जाऊन बसायचो. बाबांची नजर कापडावर, हात इस्त्रीवर. समोरचा माणूस आपल्याकडे बघत नसला की बोलणं किती सोपं जातं! भावानं शाळेत केलेली मारामारी, ताईला नको असलेला सायन्सचा विषय, हे सगळं त्या घोंगडीवर बाहेर पडलं. ते लगेच काही बोलायचे नाहीत. दोन शर्ट झाले की एखादा प्रश्न विचारायचे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला विचाराल तर बहुतेक इथेच आहे. त्यांनी आमच्यासाठी जलूदहून खाऊ-खेळणी फारशी आणली नाहीत. घरात आपलं काम अडून राहील अशी सोय मात्र करून ठेवली.

सगळ्याच शनिवारी ते यायचे असंही नाही. पावसाळ्यात वीज कडाडली की आई घड्याळाकडे बघायची. जलूदला लाइट गेली की पंप थांबतात, पण चढणीवरचं पाणी तिथल्या तिथे उभं राहत नाही. जोरात असतं तोवर थोडं पुढे जातं, मग मागे फिरतं. ते उलटं पाणी बंद झालेल्या वाल्ववर आदळलं तर दाबाची लाट पाइपातून धावते आणि जाड लोखंडी पाइपसुद्धा फाटू शकतो. नळ झटकन बंद केल्यावर भिंतीत ठक्क होतं ना, प्रकार तोच. ते होऊ नये म्हणून सोयी केलेल्या असतात. पण लाइट परत आल्यावर पंप एकेक करून, सबुरीनं सुरू करावे लागतात आणि अशा वेळी बाबा तिथून हलायचे नाहीत. मग सोमवारी शाळेत आम्ही चुरगळलेल्या कपड्यांत. आईनं इस्त्री केली नाही. करूच शकली असती, पण करायची नाही.

आईला विचारलंत तर ती वेगळंच सांगेल. नळाला पहिल्यांदा नर्मदेचं पाणी आलं तेव्हा वाड्यातल्या बायकांनी नळाला हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली. आई गेली नाही. "सवतीची ओटी मी भरू?" म्हणाली. आमचे ताप, कांजिण्या, आजीचं खुब्याचं हाड, सगळं नेमकं मंगळवार-बुधवारी यायचं आणि बाबांना ट्रंककॉल लागेपर्यंत निम्मं निस्तरून झालेलं असायचं. "त्यांनी घरातली कामं निवडून घेतली, मला उरलेली मिळाली," हे ती आजही म्हणते आणि त्यात खोटं काही नाही. तेव्हा, ज्यांचा नवरा आठवड्यानं येतो त्यांनी त्याला काम जरूर नेमून द्यावं, पण निवड त्याच्यावर सोडू नये. इस्त्री कुणीही घेईल. दवाखान्याची फाइल कोण घेतो ते बघा.

रिटायर झाल्यावर खरी पंचाईत झाली. सातही दिवस घरात माणूस! पहिल्याच महिन्यात त्यांनी आईच्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या आणि आईनं त्या संध्याकाळपर्यंत काढून टाकल्या. रविवार तुमचा, बाकीचे वार माझे, असा तह ठरला. तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. गणवेश तर घरात उरलेच नव्हते, म्हणून दर रविवारी स्कूटरवर आमच्या सुदामानगरच्या घरी येऊन नातवंडांचे घेऊन जायचे. एकदा माझ्या नवऱ्यानं, सासऱ्यांना उगाच कशाला त्रास म्हणून, शनिवारीच सगळे कपडे इस्त्री करून ठेवले. बाबा आले, कपाट उघडून बघितलं, एक फ्रॉक काढून खिडकीपाशी नेला, चुण्या निरखल्या आणि सगळा गठ्ठा पिशवीत भरून घेऊन गेले.