घरात स्कूटी असून मी बसनं का येते

"वैनी, दारात स्कूटी हाय की तुमच्या. मग बसनं कशाला येतासा? फुकट हाय म्हणून?"

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हा प्रश्न मला येता-जाता ऐकावा लागतो. शेजारच्या टेबलावरचे विचारतात, लग्नाच्या पंगतीत पाहुणे विचारतात, परवा तर ओळखीच्या रिक्षावाल्यानंही विचारलं. कुणाच्या मनात वाईट नसतं, हे मला कळतं. पण "असंच की" म्हणून विषय संपवला की दिवसभर चुटपुट लागून राहते.

मी येळ्ळूरची. बेळगावात गणपत गल्लीजवळ एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. घर ते काम दहा किलोमीटरच्या आत. वडगाव, नाथ पै सर्कल, शहापूर, मग पुढं बाजारपेठ. स्कूटीनं मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं लागावीत. सकाळी नऊ वाजता तो मोकळा रस्ता मला कुणी दाखवावा.

आधी 'फुकट'चं सांगते. शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली. तेव्हापासून कर्नाटकातल्या बाईनं आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडतो. मी त्याच्या कितीतरी आधीपासून महिन्याचा पास काढून येत होते. पण फुकट प्रवासाला कुणी नाक मुरडलं की मला राग येतो. आमच्या गल्लीतल्या एका काकींना बीपीच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला दवाखान्यात जावं लागतं. आधी लेकाला सवड होईपर्यंत त्या थांबायच्या, कधी कधी गोळ्या संपून चार-चार दिवस व्हायचे. आता सकाळची भाकरी उरकून एकट्या जातात आणि दुपारी परत येतात. लेकाची गाडी त्या दिवशी रस्त्यावर येत नाही, हेही त्यात आलंच.

माझी नणंद महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात दिली आहे. तिकडं मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. ती बाजाराला बेळगावात येते आणि माझ्याबरोबर आमच्या कर्नाटकच्या बसमध्ये बसते तेव्हा तिला पूर्ण तिकीट पडतं. एका बाकावर दोघी, एकीला शून्य आणि एकीला पूर्ण. सीमा नकाशात कुठंही असो, आम्हाला ती अशी भेटते.

आता खरं कारण. माझा भाचा सिव्हिल इंजिनिअरिंग शिकतोय. त्यानं मला इंडियन रोड्स काँग्रेसची, म्हणजे रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेची, शहरातल्या रस्त्यांबद्दलची १९९० सालची मार्गदर्शिका दाखवली. कुठलं वाहन रस्ता किती अडवतं, ते त्यात कारच्या मापानं मांडलंय. कारला १. दुचाकीला ०.५, आणि दुचाकींचं प्रमाण जास्त असेल तर ०.७५. बसला २.२ ते ३.७. माझा जन्म आकडेमोडीत गेलेला. मी कागदाच्या पाठीमागं लगेच हिशेब मांडला. बस जास्तीत जास्त धरली, ३.७. दुचाकी कमीत कमी धरली, ०.५. सकाळच्या आमच्या गाडीत बसलेली आणि उभी मिळून साठ माणसं सहज असतात. ती साठ माणसं आपापल्या दुचाकीवर निघाली तर ३० कारइतकी जागा लागते. म्हणजे एका बसमधली माणसं आठ बसची जागा घेतात. एकेकटी कारनं निघाली तर सोळा बसची. दुचाकीला झुकतं माप देऊनही हे असं.

आणि बेळगावात जागा आहे कुठं? नावंच बघा ना. काकतीवेस, बोगारवेस, गोवावेस, शनिवार खूट, यंदे खूट. वेशीतून बैलगाडी आत यायची, गल्लीतून माणसं चालायची, अशा गावाची ही नावं. शहापूर तर स्वातंत्र्यापर्यंत सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांकडं. दोन वेगळी गावं वाढत वाढत एकमेकांना चिकटली, मधून मिरज-लोंढा रेल्वे गेली, बाजूला लष्कराचा कॅम्प. २०११ च्या जनगणनेला पाच लाखांच्या आसपास माणसं होती. त्यानंतर प्रत्येक घरात एक दुचाकी आली, मग दुसरी आली, आता पोरगं कॉलेजला गेलं की तिसरी. गल्ली होती तेवढीच राहिली.

रेल्वे गेटवर थांबलायसा कधी? टिळकवाडीत पत्ता सांगतानाही पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असंच सांगतात. दुसऱ्या गेटवर मी कितीतरी वेळा उभी राहिले आहे. गेट पडतं. पहिल्या मिनिटाला चार-सहा गाड्या डाव्या बाजूला नीट उभ्या असतात. दुसऱ्या मिनिटाला एकजण उजव्या बाजूनं हळूच पुढं येतो आणि थेट दांडीला चाक टेकवून उभा राहतो. त्याच्या मागनं दुसरा, मग रिक्षा, मग एक कार. रुळाच्या पलीकडंही हेच चाललेलं असतं. रेल्वे धडधडत जाते, दांडी वर उठते, आणि दोन्हीकडची पूर्ण रस्ताभर पसरलेली माणसं समोरासमोर येतात. मधे रूळ. कुणालाच पुढं जाता येत नाही आणि मागं सरायला जागा नाही. एकदा माझ्या शेजारच्या गाडीवर एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन मागं बसली होती. हॉर्नच्या आवाजानं ते बाळ इतकं दचकलं की त्याचा रडण्याचा आवाजच फुटेना, नुसतं तोंड उघडं. तिनं पदरानं त्याचे कान झाकले. रेल्वे जायला दोन-तीन मिनिटं लागली असतील, आम्हाला तिथनं सुटायला दहा लागली.

पूल झाले, हे मान्य. कपिलेश्वरला झाला, तिसऱ्या गेटला झाला, गोगटे सर्कलजवळचा इंग्रजांच्या काळातला पूल पाडून नवा बांधला. ॲम्ब्युलन्स आता तिथं फाटकात अडकत नाही, यासाठी मी हात जोडते. पण कपिलेश्वरच्या पुलावरून सुसाट निघालेली गाडी खाली उतरली की पुन्हा त्याच जुन्या गल्ल्यांच्या तोंडाशी येते. पुलानं गर्दी संपली नाही, दोनशे पावलं पुढं सरकली.

"रस्ते रुंद केले की सगळं सुटतंय बघा," असं म्हणणाऱ्यांना मी माझ्या लेकाचं घर दाखवीन. तो बेंगळुरात आउटर रिंग रोडजवळ राहतो. तिथं मी दोन महिने राहून आले. रस्ता एवढा रुंद की पलीकडच्या दुकानाची पाटी वाचता येत नाही, वर उड्डाणपूल, आणि तरी संध्याकाळी बाल्कनीतून बघावं तर लाल दिव्यांची न हलणारी रांग. टॉमटॉम ही कंपनी शहरांतल्या वाहतुकीची आकडेवारी काढते, तिच्या २०२४ च्या अहवालात बेंगळुरात दहा किलोमीटरला सरासरी ३४ मिनिटं लागतात असं आलं होतं, पुण्यात ३३. शहरातल्या वाहनांचा आकडा एक कोटीच्या वर गेलाय. रस्ता मोकळा दिसला की घरात बसलेली गाडी बाहेर पडते, दुसरं काय होणार? लेक सकाळी सातला निघायचा, रात्री साडेआठला यायचा. जेवताना त्याचा डोळा लागायचा. माझ्या पोटच्या पोराला मी अशा वेळी काही बोलू शकले नाही, नुसतं ताट पुढं सरकवलं.

त्याच रिंग रोडवर सिल्क बोर्डापासून टिन फॅक्टरीपर्यंत २०१९ मध्ये बससाठी वेगळी पट्टी आखली होती. बस खरंच पुढं निघायची असं तो सांगतो. पुढं मेट्रोचं काम आलं आणि ती पट्टी गेली. १० ऑगस्ट २०२५ ला पिवळी मेट्रो सुरू झाली, आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र, सिल्क बोर्डावरून जाणारी. योगायोग असा की त्याच दिवशी बेंगळूर-बेळगाव वंदे भारतलाही हिरवा झेंडा मिळाला. दोन्ही चांगल्याच गोष्टी. पण बेळगावाला मेट्रो नको आहे, आम्हाला दर दहा मिनिटांनी येणारी बस हवी आहे.

ते आपल्या भागात जमत नाही असंही म्हणू नका. धारवाडला बहिणीकडं जाते तेव्हा मी हुबळी-धारवाडच्या चिगरी बसमध्ये बसते. चिगरी म्हणजे हरीण. बावीस किलोमीटर, रस्त्याच्या मधोमध बसची स्वतःची वाट, ऑक्टोबर २०१८ पासून चाललीय. शेजारून जाणारे कारवाले कुरकुरतात की आमचा रस्ता अरुंद झाला. झाला, खरं आहे. पण त्या वाटेवरून बस जाते, आणि तिच्यात उभ्या असलेल्या माणसालाही कामावर वेळेत पोचायचं असतंच की. बेळगावच्या गल्लीत तशी वाट निघणार नाही, हे मलाही कळतं. पण नाथ पै सर्कलपासून पुढं सकाळी दोन तास रस्त्याच्या कडेला गाड्या लावू न देणं तर जमेल? पांढऱ्या पट्ट्याच्या आत उभी असलेली एक कार काढली तरी बस वळते. मी रोज खिडकीतून बघते.

बायपासचं बोलणं निघालं की माझा जीव वर-खाली होतो. हलगा-मच्छे बायपास शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारातून नेला. तिबार पिकाची जमीन. शेतकरी रस्त्यावर लढले, कोर्टात लढले. त्यावर आता रिंग रोड. बाहेरचे ट्रक गावात येऊ नयेत हे बरोबर, पण सकाळी नऊला शहापुरात जी गर्दी होते ती ट्रकांची नसते. ती आमचीच असते, येळ्ळूरची, वडगावची, मच्छेची. भाताचं शेत घेण्याआधी त्या गर्दीसाठी चार बस वाढवून बघितल्या का, एवढंच मला विचारायचं आहे.

आणखी एक गोष्ट, जी कुणी ट्रॅफिकमध्ये धरत नाही. बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. मला वाचता येतात, मी शिकले. माझ्या आईला शेवटपर्यंत आल्या नाहीत. ती प्रत्येक गाडीच्या दारात जायची, दांडीला हात घालून "येळ्ळूर काय ओ ही?" विचारायची, कंडक्टरनं मान हलवली की मागं व्हायची. अशा पाच-सहा म्हाताऱ्या एका थांब्यावर असतात. प्रत्येक बस त्यांच्यासाठी अर्धा मिनिट जास्त उभी राहते आणि मागं सगळा रस्ता तुंबतो. कन्नडच्या खाली मराठीत एक ओळ लिहिली तर कुणाचं काय जाणार आहे? हा आमच्या भाषेचा हक्क आहे, ते आहेच. पण थांब्यावर उभ्या असलेल्या त्या बाईचे पायही आहेत.

बसमध्ये सगळं सुखाचं आहे असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी सहानंतर कधी एक गाडी येतच नाही, मग पुढच्या गाडीत दोन गाड्यांची माणसं. पावसाळ्यात छत्रीचं पाणी दुसऱ्याच्या पाठीवर गळतं. दारात लोंबकळणाऱ्या पोरांकडं बघून छातीत धस्स होतं. कंबर दुखत असेल त्या दिवशी कुणी उठून जागा दिली तर डोळ्यात पाणी येतं माझ्या.

म्हणून महिनाअखेरीला, हिशेब मिटवायला रात्र होते तेव्हा, मीही स्कूटी काढते. गेल्या महिन्यात काढली होती. शहापुरात कोंडी झाली. एक टेम्पो आडवा, त्याच्या दोन्ही बाजूंनी दुचाकी घुसलेल्या, त्यात माझीही. मला पुढं फटीत चाक घालायला जागा दिसली आणि मी घातलं. मागून मोठा हॉर्न वाजला. आरशात बघितलं तर आमचीच सकाळची गाडी. काचेमागं पहिल्या बाकावर त्या काकी बसल्या होत्या, दवाखान्याची पिशवी मांडीवर. त्यांनी मला ओळखलं आणि हात केला. मी ब्रेकवरचा हात काढू शकले नाही. बस माझ्या स्कूटीच्या मागं थांबून राहिली.