थोरलीचा आयपॅड, धाकट्याची पाटी

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी एक फॉरवर्ड टाकला. वर तीन लाल दिवे, खाली मजकूर: 'स्वीडनने चूक कबूल केली! शाळांतून संगणक हद्दपार! मुलांच्या हाती पुन्हा वही-पुस्तक! आपण कधी शहाणे होणार?' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मग मला वेगळा मेसेज आला, "काय गं, खरं का हे? तू तिथंच असतेस ना?"

पाच-सहा वर्षांपूर्वी याच मामांनी याच ग्रुपवर 'स्वीडनमध्ये दप्तर नाही, वही नाही, प्रत्येक मुलाला आयपॅड' असा फॉरवर्ड टाकला होता. शेवटी तेव्हाही 'आपण कधी शहाणे होणार' हेच होतं. तेव्हा मी दोन ओळींत उत्तर दिलं, आताही तेवढंच दिलं. पण प्रकरण दोन ओळींत मावणारं नाही. शिवाय दोन्ही फॉरवर्डांमधली मुलं माझ्याच घरात आहेत, त्यामुळे इथं जरा सविस्तर लिहिते.

आम्ही राहतो ते गाव नकाशावर गोथेनबर्ग, इथल्या माणसाच्या तोंडी 'योतेबोरी'. थोरली २०२० मध्ये पहिलीत गेली, धाकटा २०२५ मध्ये. (इथं पहिली सातव्या वर्षी. सहाव्या वर्षी एक तयारीचा वर्ग असतो.) शाळा तीच, इमारत तीच, बूट काढून ठेवायची मांडणीसुद्धा तीच. शिक्षण मात्र दोघांचं वेगळं.

थोरलीला तयारीच्या वर्गातच आयपॅड मिळाला. स्वीडिश शाळेत त्याला म्हणतात 'लॅरप्लाट्टा'. लॅर म्हणजे शिकणं, प्लाट्टा म्हणजे सपाट फळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म घालवलेल्या माझ्या आईला हे फोनवर सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे पाटीच की गं." मला इतकी वर्षं इथं राहून ते सुचलं नव्हतं.

या पाटीवर थोरली आधी टाइप करायला शिकली, हातानं लिहायला नंतर. ही शाळेची लहर नव्हती, रीतसर पद्धत होती. आर्ने त्रागेतोन नावाच्या नॉर्वेजियन शिक्षणतज्ज्ञानं ती मांडली होती आणि स्वीडनमध्ये ती बरीच पसरली होती. सहा-सात वर्षांच्या मुलांची बोटं अजून पेन्सिल सांभाळण्याइतकी पक्की नसतात, पण डोक्यात गोष्टी भरपूर असतात. मग अक्षर वळवण्यात त्यांचा जीव कशाला काढायचा? कीबोर्डवर लिहू दे, लिहिता लिहिता वाचायला येईल, हस्ताक्षर दुसरीपासून घेऊ. खरं सांगते, बघताना हे फार सुंदर दिसायचं. दोघं-दोघं मुलं एका पडद्यासमोर बसून गोष्ट रचायची, यंत्र ती मोठ्यानं वाचून दाखवायचं, चुकलेला शब्द कानाला खटकला की मुलं हसत हसत दुरुस्त करायची. पहिलीच्या नाताळात थोरलीनं आजीला पानभर पत्र लिहिलं, कोल्ह्याबद्दल. छापून, खाली मराठी अर्थ जोडून मी पाठवलं. आईनं ते शेजारीपाजारी दाखवलं आणि मग मला विचारलं, "छान आहे, पण हिचं अक्षर कुठाय?"

अक्षर आलं, पण उशिरा आणि रडतरडत. चौथीत वहीत अर्धं पान लिहायचं म्हटलं तरी तिचा अंगठा दुखायचा. पेन्सिल मुठीत धरायची सवय लागली होती आणि लागलेली सवय मोडणं हे नव्यानं शिकवण्यापेक्षा अवघड. देवनागरीचं तर विचारूच नका. फोनवर रोमनमध्ये 'aaji' ठोकलं की 'आजी' उमटतं, त्यामुळे कागदावर 'ज' कुठून सुरू करायचा हा प्रश्न तिला कधी पडलाच नाही.

*

आता देशाचं. २०२२ च्या निवडणुकीनंतर सरकार बदललं आणि शाळांचं खातं लोत्ता एडहोल्म यांच्याकडे आलं. इथल्या शिक्षण मंडळानं शाळांच्या डिजिटल वाटचालीचा पुढचा आराखडा तयार ठेवला होता. त्यावर अभिप्राय मागवले, तेव्हा २०२३ मध्ये कारोलिन्स्का या नामवंत वैद्यकीय संस्थेच्या संशोधकांनी स्पष्ट लिहिलं की पडद्यांमुळे शिकणं सुधारतं या गृहीतकाला पुरेसा आधार नाही, लहान मुलांबाबत तर उलटच दिसतं. त्याच सुमारास चौथीच्या मुलांच्या वाचनाच्या 'पर्ल्स' या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निकाल जाहीर झाला. स्वीडनचे २०१६ मध्ये ५५५ गुण होते, २०२१ मध्ये ५४४ झाले. अकरा गुण म्हणजे काही आभाळ कोसळलं नव्हतं, स्वीडन तेव्हाही सरासरीच्या बराच वर होता. पण वर्तमानपत्रांत जे व्हायचं ते झालं. सरकारनं २०२३ साठी पुस्तकांना ६८.५ कोटी क्रोनर दिले, पुढच्या दोन वर्षांसाठी दरवर्षी ५० कोटी जाहीर केले. बालवाडीत डिजिटल साधनं वापरलीच पाहिजेत, हा दंडकही मागे घेतला.

मामा, यात 'हद्दपार' कुठंच नाही. धाकट्याच्या वर्गात भिंतीवर मोठा स्पर्शपडदा आहेच. बाई वहीचं पान कॅमेऱ्याखाली धरून भिंतीवर मोठं करून दाखवतात. आयपॅडही आहेत, फक्त ते आता मुलाचे नसून वर्गाचे. चाकांच्या कपाटात चार्जिंगला लावलेले, लागतील तेव्हा काढायचे, काम झालं की परत. सहावीतल्या थोरलीकडे तर स्वतःचा क्रोमबुक, म्हणजे साधा लॅपटॉप, आहे. पण निबंध तिला वर्गात बसून हातानं लिहावा लागतो, कारण घरी लिहिलेला निबंध तिनं लिहिला की चॅटजीपीटीनं, हे ओळखत बसायला शिक्षकांना वेळ नाही. अंगठा अजून दुखतो.

आणि काही मुलांसाठी ती फळी खरोखर आधाराची काठीच आहे. थोरलीच्या एका मैत्रिणीला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे छापलेलं वाचणं तिला फार जड जातं. पुस्तकाचा धडा ती कानांनी ऐकते, बोलून उत्तर लिहिते आणि वर्गात तिच्याइतकं नेमकं कुणी बोलत नाही. सीरियाहून, युक्रेनहून आलेल्या मुलांना पहिले सहा महिने भाषांतराचा आधार लागतो. पुस्तकांच्या आनंदात या मुलांचं नाव कुणी फारसं घेत नाही, हे मला खटकतं. त्यांच्या हातातलं साधन काढलेलं नाही, पण 'पडदा वाईट' असं वातावरण झालं की सगळ्यांसमोर तो उघडून बसायला लाज वाटते, असं ती मैत्रीण स्वतः म्हणाली.

आमच्या शेजारी एक निवृत्त गणिताचे शिक्षक राहतात. हा सगळा गदारोळ ते शांतपणे बघतात. १९८० च्या दशकात स्वीडननं खास शाळांसाठी स्वतःचा संगणक काढला होता, त्याचं नाव 'कॉम्पिस'. 'शाळेतला संगणक' या शब्दांवरून केलेलं नाव, आणि उच्चारलं तर स्वीडिशमध्ये त्याचा अर्थ 'दोस्त'. कोमाल नावाची, शिकवण्यासाठीच घडवलेली भाषा त्यावर चालायची. हे शेजारचे आजोबा तेव्हा सुट्टीत प्रशिक्षणाला गेले, कोमाल शिकून आले, धडे तयार केले. तोवर जगभर आयबीएमच्या धर्तीवरचे पीसी पसरले, त्यांच्यावरचे प्रोग्राम 'दोस्ता'वर चालेनात आणि १९८८ मध्ये दोस्त बंद पडला. "माझे धडे मात्र चांगले होते," एवढंच ते म्हणतात आणि कॉफी ओततात.

*

आई सप्टेंबरात तीन महिन्यांसाठी आली. ती पस्तीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होती, त्यातली बरीचशी तासगावच्या बाजूला. आजोबांची कॉम्पिसची गोष्ट मी तिला मराठीत सांगत होते, तर ती मध्येच हसायला लागली. तिच्या शाळेत पहिला संगणक आला तेव्हा नारळ फोडला, कुंकू लावलं, गटशिक्षणाधिकारी साहेबांनी बटण दाबलं. मग धूळ बसू नये म्हणून तो प्लॅस्टिकच्या कव्हरात गेला आणि हेडमास्तरांच्या खोलीत कुलपाआड बसला. पोरं खिडकीतून बघायची. बघून तरी काय होणार, शाळेच्या वेळेत नेमकं भारनियमन. पुढं लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग झाला, प्रोजेक्टर आला. तो मात्र खरंच चालला, मुलं कवितेवर नाचली. दीड वर्षानं त्याचा दिवा गेला. नव्या दिव्याची किंमत ऐकून सरपंच म्हणाले, बघू. ते अजून बघतायत.

यंत्र घ्यायला पैसे मिळतात, कारण त्याचा फोटो काढता येतो. दिवा बदलण्याचा फोटो कोण छापणार? हे तासगावला खरं, तसंच इथंही. फरक इतकाच की इथं दिवा बदलायची तरतूद कागदावर असते आणि शिक्षकाला शिकवायची नसते.

मार्च २०२० मध्ये आपल्याकडे शाळा बंद झाल्या तेव्हा इथल्या प्राथमिक शाळा उघड्या राहिल्या. म्हणजे ज्या पोरांच्या हातात आयपॅड होते ती वर्गात, आणि आईच्या वर्गातली पोरं घरी, फोनवर. फोन घरात एकच, तो बापाबरोबर रानात. आई सकाळी व्हॉट्सॲपवर अभ्यास टाकायची, उत्तरं रात्री नऊनंतर यायला लागायची. शेवटी ती स्कूटीवरून वस्तीवर जायला लागली. सहा-सात पोरं एका ओट्यावर, लांब लांब बसवून. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना त्याच वर्षअखेरीस ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तोही क्यूआर कोडच्या पुस्तकांसाठी. आईला त्यांचं भारी कौतुक. ती म्हणते, "त्यांनी पुस्तक काढून टाकलं नाही, पुस्तकालाच कोपऱ्यात एक खिडकी पाडली."

आणि कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावचा भोंगा. २०२२ मध्ये गावानं ठरवलं की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाईल बंद, दीड तास अभ्यास. इथं २०२६ च्या शरद सत्रापासून देशभरच्या शाळांत मुलांचे मोबाईल दिवसभरासाठी गोळा करायचं सरकारनं ठरवलंय, ही बातमी मी वाचून दाखवली, तर आई म्हणाली, "उशीर केला की. वडगावकरांना विचारायचं."

*

धाकट्याला त्याच सप्टेंबरात वाचनाचं आणि गणिताचं अशी दोन कोरी पुस्तकं मिळाली. शाळेची असतात, वर्षअखेर परत करायची, म्हणून कव्हर घालून पाठवा असा निरोप आला. मी ऑनलाइन तयार कव्हर शोधत बसले होते. आईनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं, पार्सलबरोबर आलेला खाकी कागद ताटलीनं चोळून सपाट केला, पाठकण्याशी दोन काप दिले, चारही कोपरे आत मुडपले आणि वर धाकट्याचं नाव घातलं, मराठीत. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते पुस्तक वर्गभर फिरवलं म्हणे. तीन आयांचे मला मेसेज आले, हे कसं करतात म्हणून. पुढच्या रविवारी आमच्या स्वयंपाकघरात आई चार स्वीडिश बायकांना कव्हर घालायला शिकवत होती. खाणाखुणांनी, आणि एकीला तर "नीट दुमडा हो" असं मराठीत दटावूनसुद्धा.

तिनं बॅगेतून खरी दगडी पाटीही आणली होती, लाकडी चौकटीची. हल्ली ती मिळत नाही, सांगलीच्या बाजारात तीन दुकानं पालथी घालावी लागली असं तिनं तीनदा सांगितलं. सोबत पेन्सिलींची पेटी. पहिल्याच दिवशी पाटीवर पेन्सिल किंचाळली आणि आमच्या घरातले एकमेव ऑफिस-कॉलवाले गृहस्थ लॅपटॉप उचलून बाल्कनीत गेले, बाहेर चार अंश असताना.

पाटी आणली धाकट्यासाठी, पण बळकावली थोरलीनं. क्रोमबुक समोर उघडा, त्यावर गणित, आणि खाली मांडीवर पाटी, कच्च्या कामाला. पुसली की गेलं, कुणी तपासत नाही, कुठं साठत नाही, हे तिला फार आवडलं. एकदा घाईत थुंकी लावून पुसायला गेली तर आई कडाडली, "विद्येला थुंकी लावायची नाही!" मी दाराआड हसत होते. लहानपणी याच वाक्यासोबत मला धपाटाही मिळायचा. ती जायच्या आदल्या रात्री आजी आणि नात जमिनीवर बसून 'ज' काढत होत्या. आजी हातावर हात ठेवून, नात अंगठा नीट धरायचा प्रयत्न करत.

आई गेल्यावर आवरताना पेन्सिलींची पेटी हाताला लागली. मोठी पेटी होती, आत चारच उरल्या होत्या. थोरलीला विचारलं, एवढं काय लिहिलंस? ती म्हणाली, मी दोनच संपवल्या. धाकटा सोफ्याच्या मागं अगदी गप्प बसला होता. पुढं ये म्हटलं तर आला, तोंड मिटून. ओठांच्या कडेला पांढरी पूड होती.