शेकरूचं ग्रॅफाइट चित्र: आधी पार्श्वभूमी, मग अंग

कागद ए३, ३०० जीएसएम हॉटप्रेस, म्हणजे गुळगुळीत पृष्ठाचा. विषय भीमाशंकरच्या झाडीतलं शेकरू: फांदीवर बसलेलं, शेपूट खाली सोडलेली. पाठ गडद तांबूस, पोट आणि शेपटीचं टोक फिकट, मागे दाट पानं.

फोटोत शेकरू उठून दिसतं ते रंगामुळे. रंग काढला की तांबूस पाठ आणि हिरवी पानं जवळपास एकाच राखाडीत येतात. केस कितीही बारकाईने काढा, चित्र सपाटच राहतं, कारण फरक रंगात होता, टोनमध्ये, म्हणजे उजळ-गडदपणात, नव्हता. म्हणून फोटोच्या दोन कृष्णधवल प्रती करून ठेवल्या आहेत. एकीत फोटो-अ‍ॅपमधला लाल स्लायडर वर, म्हणजे लाल भाग उजळ, त्यामुळे पाठीवरच्या केसांची दिशा दिसते. दुसरीत हिरवा वर आणि लाल खाली, त्यामुळे पानं उजळून पाठीची कड स्पष्ट होते. केस पहिलीवरून, टोन दुसरीवरून.

शेजारी सात घरांची टोनपट्टी: १ म्हणजे कोरा कागद, ७ म्हणजे हातातल्या पेन्सिलीचा सगळ्यात गडद काळा. पाठ ५, तर तिच्यामागची झाडी २-३. पोट आणि शेपटीचं टोक १-२, तर त्यांच्यामागे ६-७. पार्श्वभूमी वरून खाली गडद होत जाते आणि दोन्हीकडे कड सुटी होते. अंग आधी पूर्ण केलं तर कोऱ्या पांढऱ्या कागदाशेजारी ४ चा टोनही काळा भासतो, हात आखडतो आणि सगळं चित्र ३-४ मध्येच अडकतं.

धूसर झाडीसाठी २बी पेन्सिल (बीचा आकडा वाढेल तशी मऊ आणि गडद, एचचा वाढेल तशी कडक आणि फिकट) आडवी धरून तीन हलके थर, प्रत्येक थराची दिशा वेगळी, मधे मऊ मेकअप ब्रश. नंतर ४बी. सुरुवातीलाच ८बी दाबली की कागदाचा दाणा, म्हणजे पृष्ठाचा बारीक खरखरीतपणा, बुजतो, ठिपके पडतात आणि ते पुढे कशानेच भरत नाहीत. बोटाने घासू नये. त्वचेचं तेल कागदात उतरतं आणि त्या जागी डाग राहतो. पानांमधले उजेडाचे ठिपके नीडेबल इरेझरने (मळून हवा तो आकार देता येणारा मऊ खोडरबर) नुसते टिपून उचलायचे, पण २ पेक्षा उजळ नाही. कोरा पांढरा फक्त डोळ्यातल्या चमकेला आणि फिकट केसांना. तसाच पांढरा मागे दिसला की नजर तिकडे जाते.

खरा काळा साध्या ग्रॅफाइटने मिळत नाही. ६बी-८बीचा जाड थर तिरप्या उजेडात चकाकतो आणि राखाडी दिसतो. डोळ्याची बाहुली आणि फांदीखालची सावली यांना फेबर-कास्टेलची पिट ग्रॅफाइट मॅट १४बी किंवा कार्बन पेन्सिल वापरावी, आणि ती थेट कोऱ्या कागदावर. घोटलेल्या ग्रॅफाइटवर कार्बन घसरतो, धरत नाही. त्या जागा म्हणूनच पहिल्याच बैठकीत भरल्या आहेत.

सगळ्यात जास्त वेळ शेपटीच्या टोकाला. फिकट केस पेन्सिलीने काढता येत नाहीत, ते मागच्या काळ्यातून सोडावे लागतात. ग्रॅफाइट लावण्याआधी बोथट सुईने लांब केसांच्या खाचा उमटवल्या. वरून आडवी ४बी फिरवली की खाचा पांढऱ्या राहतात. अणकुचीदार टोक नको, कागद फाटतो आणि फाटलेल्या कडेत काळं साठतं. मग ४बीला टोक काढून पार्श्वभूमीचे निमुळते फटकारे बाहेरून आत, दोन केसांच्या मधे. जोर बाहेर, सुटका आत. सगळे फटकारे एका लांबीचे झाले की कंगवा दिसतो, म्हणून दोन-तीन केस एकत्र चिकटलेले आणि एखादा आडवा गेलेला हवाच. पेपर स्टंप (टोन घोटायची कागदाची घट्ट गुंडाळी) या कडेपासून सेंटीमीटरभर लांब.

पाठीवर एचबी आणि २बीचं काम चालू आहे. ४एच फक्त शेवटी, चमकदार केसांवर. ती आधी दाबून फिरवली तर दाणा चपटा होतो आणि वरून ४बी बसत नाही. पाठ संपली की टोनपट्टीवर फिक्सेटिव्हचा (ग्रॅफाइट पुसलं जाऊ नये म्हणून मारायचा फवारा) एक हलका हात मारून पाहायचा, कारण काही फिक्सेटिव्हने मधले टोन थोडे गडद होतात. ३ चा ४ होत असेल तर वरची झाडी फवारण्याआधीच इरेझरने अर्धा टोन उजळून घ्यायची.