उन्हाळा कोणत्या झाडापासून सुरू होतो?

"तुमच्याकडे उन्हाळा कोणत्या झाडापासून सुरू होतो?" हा प्रश्न मला जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये, बिल्डिंगच्या कचऱ्याच्या डब्यांपाशी, खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारला. मी नाशिकची, आख्खं लहानपण तिथे गेलं, मे महिन्याच्या दुपारी निफाडला मामाच्या बागेत हुंदडण्यात गेल्या, पण हे असं कधी कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, होळी झाली की सुरू होतो. ते म्हणाले, ते ठीक आहे हो, पण झाड कोणतं? तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय म्हणून हे लिहितेय.

आजोबांचं प्रकरण आधी सांगते. इथल्या हवामान खात्याचे देशभर हजारभर स्वयंसेवक आहेत, त्यातले हे एक. आपल्या परिसरातली ठरलेली झाडं वर्षभर बघायची, पालवी कधी फुटली, पहिलं फूल कधी आलं, फळ कधी पिकलं, पानं कधी गळली, त्या तारखा कळवायच्या. आणि त्यावरून खातं वर्षाचे दहा ऋतू पाडतं. हो, दहा! मी मोठ्या तोऱ्यात वसंत-ग्रीष्म-वर्षा सांगायला निघाले होते, आमच्याकडे तुमच्यासारखे चार नाही, सहा ऋतू असतात म्हणून, आणि तोंड मिटून घेतलं. फोर्सिथिया पिवळा झाला की वसंताचा पहिला टप्पा, सफरचंद फुललं की भर वसंत, होलुंडर फुलला की उन्हाळ्याची सुरुवात आणि पुढे लिंडन फुलला की भर उन्हाळा. १ जून वगैरे तारखा टीव्हीवाल्यांसाठी, आजोबांसाठी होलुंडर.

हा होलुंडर म्हणजे काही राजेशाही झाड नव्हे. आपल्याकडे घाणेरी जशी कुठेही उगवते तसं हे रेल्वेच्या रुळाकडेला, पार्किंगच्या मागे, पडक्या भिंतीशी उगवतं, मेच्या उत्तरार्धात त्याला ताटलीएवढे पांढरे झुबके येतात आणि मग आख्खी गल्ली गोडसर वासाने भरून जाते. लोक पिशव्या घेऊन फुलं तोडायला निघतात, साखर-लिंबाच्या पाण्यात भिजवून सरबत करतात, आणि झुबका देठाला धरून पिठात बुडवून तळतात, म्हणजे भजीच, फक्त वरून पिठीसाखर. मी एकदा त्या पिठात तिखट-ओवा घातला, आजोबांना नेऊन दिली, त्यांनी सगळी खाल्ली आणि हे चूक आहे असंही सांगितलं.

तर फुलला म्हणजे नेमकं कधी फुलला, यालाही नियम आहे. एक फूल दिसलं तर चालत नाही. त्या झाडावर किमान तीन ठिकाणी फुलं पूर्ण उमललेली पाहिजेत, तरच ती तारीख. आजोबांचा होलुंडर ट्रामच्या स्टॉपमागे आहे, ते मे महिन्यात रोज तिथे जाऊन उभे राहतात, ट्राम पकडत नाहीत, ड्रायव्हरही आता त्यांच्यासाठी थांबत नसावा. त्यांच्या जुन्या वह्या मी पाहिल्यात, त्यात सुरुवातीच्या वर्षांत ही तारीख जूनच्या आसपास असायची, आता बरीच अलीकडे सरकलीय. देशभराच्या नोंदींमध्येही तसंच दिसतं, गरमी वाढली तशी झाडं लवकर फुलायला लागली. हे सगळं जवळपास फुकट हं, पैसे असे फारसे मिळत नाहीत. मला आधी ते हास्यास्पद वाटायचं, मग कौतुक वाटायला लागलं आणि हल्ली जरा चीडच येते, कारण जिन्यात भेटले की कसे आहात नाही, काही नाही, थेट "आज मेपल बघितलास?"

वर हे लोक आपल्याला अंधश्रद्ध समजतात ते वेगळंच. ११ ते १५ मे या दिवसांत इथे पाच बर्फाळ संत येतात, मामेर्टुस, पांक्राट्सियुस, सर्वाट्सियुस, बोनिफात्सियुस आणि शेवटी १५ तारखेला थंडी सोफी. ती बाई गेल्याशिवाय टोमॅटोची रोपं बाल्कनीत ठेवायची नाहीत, रात्री थंडी पडून मरतात. बाहेर छान पंचवीस डिग्री ऊन, मी कुंड्या बाहेर काढायला लागले तर आजोबा खालून बोट हलवतायत. मग जूनमध्ये मेंढ्यांची थंडी, कारण तोवर मेंढ्या भादरून झालेल्या असतात आणि त्या बिचाऱ्या कुडकुडतात. मग २७ जूनला जे हवामान असेल तेच पुढचे सात आठवडे. हे सगळं इंजिनिअर लोक ऑफिसात सरळ चेहऱ्याने बोलतात! आणि मी एकदा सांगितलं की आमच्याकडे २५ मेच्या सुमारास रोहिणी, ७ जूनला मृग लागतं आणि प्रत्येक नक्षत्राचं वाहन असतं, बेडूक असेल तर पाऊस चांगला, तर नवऱ्याच्या टीममधल्या एकाला हसू आवरेना. अरे, तुझी सोफी चालते आणि माझा बेडूक नाही चालत?

पण एका गोष्टीत मात्र मी हरले. आमच्या खिडकीसमोर कुंपणाची उंच झाडी आहे, त्यामुळे स्वयंपाकघरात उजेड येत नाही. मार्चअखेर मी बिल्डिंग सांभाळणाऱ्यांना मेल केला की जरा खालपासून तोडून घ्या. उत्तर आलं, १ ऑक्टोबरनंतर. मला वाटलं आळस. तर कायदाच आहे, निसर्गसंरक्षणाचा, १ मार्च ते ३० सप्टेंबर कुंपणं, झुडपं मुळापासून किंवा जोरदार कापायची नाहीत, वाढलेले शेंडे हलके सारखे करायचे तेवढं चालतं, आणि तेही आत घरटं नाही ना ते बघून. कारण पक्षी. खरंच त्या झाडीत साळुंकीएवढी, काळी, पिवळ्या चोचीची आम्सेल नावाची पाखरं आहेत, पहाटे चारपासून गातात, इथे जूनमध्ये सव्वापाच-साडेपाचला सूर्य उगवतो आणि रात्री साडेनऊला मावळतो, म्हणजे झोपायचं कधी हा प्रश्न आम्सेलला पडत नाही आणि आम्हाला पडतो. मी दिवसा ट्यूबलाइट लावून पोळ्या करते आणि बाहेर पिल्लं चोची उघडून बसलेली असतात.

आणि नेमकं तेव्हाच तपोवनातल्या झाडांचं आठवतं. २०२५च्या हिवाळ्यात कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तिथली झाडं तोडायचा विषय निघाला आणि नाशिककर रस्त्यावर आले, ग्रुपवर रोज फोटो यायचे. इथल्यांना सांगायला गेलं की ते मान हलवतात, इंडियात असंच चालतं अशी ती मान असते, आणि मला ती मान अजिबात आवडत नाही. आमच्याकडे शहरातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे, परवानगी लागते, हरकती मागवाव्या लागतात, आणि लोक झाडांना मिठ्या मारायला गेले ते काय फुकट गेले? इथे लोकांना मिठ्या माराव्या लागत नाहीत, १ मार्च आला की कात्र्या आपोआप आत जातात, हे खरंय. ते मी त्यांच्यासमोर बोलत नाही, तुम्हाला सांगतेय.

बरं, तर झाड. मी आईला फोन केला. आई म्हणाली, बहावा, त्यात काय विचारायचं. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर आहे, एप्रिलमध्ये पानं जवळपास नाहीत आणि पिवळे घोस लोंबतायत. मागून बाबा ओरडले, त्याआधी पळस गेला, काटेसावर गेली, पिंपळाला लाल पालवी आली, ते काय हिवाळ्यात धरायचं का? मावशीने ग्रुपवर लिहिलं, दुपारी तांबट पक्षी टुक-टुक-टुक करत बसला की उन्हाळा. वहिनीचं म्हणणं कडुनिंबाचा मोहोर, कारण पाडव्याला तोच लागतो. कुणीतरी त्र्यंबकच्या रस्त्यावर पळसाच्या द्रोणात करवंदं दिसली की म्हणालं, त्याला सगळ्यांनी झापलं, करवंदं म्हणजे मे, तेव्हा निम्मा उन्हाळा संपलेला असतो. गुलमोहर तर कुणाच्या खिजगणतीतच नाही, तो बाहेरचा म्हणे, मादागास्करचा. म्हणजे बघा, एका घरात अर्ध्या तासात पाच-सहा ऋतू निघाले! पावशा ओरडायला लागला की बी-बियाणं काढायचं, टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, हे आजी सांगायची. बघणारे आपल्याकडे कमी नाहीत. कुणी तारीख लिहून ठेवत नाही, एवढंच.

मामा मात्र म्हणाला, तुमची झाडं राहू द्या, आपला उन्हाळा खरड छाटणीपासून. हे मी आजोबांना सांगितलं आणि त्यांना खरा धक्का बसला. श्टुटगार्टच्या टेकड्यांवर, अगदी शहराला लागून, द्राक्षमळे आहेत आणि त्यांचा यांना भलता अभिमान. एप्रिलमध्ये इथे वेलीला कोवळे फुटवे येतात आणि सगळ्यांचा जीव टांगणीला, एका रात्री पारा शून्याखाली गेला की खेळ संपला. २०२४च्या एप्रिलअखेर तसंच झालं, कित्येक भागांत फुटवे करपले, मळ्यामळ्यात रात्रभर मेणाचे डबे पेटवून ठेवलेले टीव्हीवर दाखवत होते. मी म्हटलं, हे आमच्या निफाडला डिसेंबर-जानेवारीत चालतं, पारा पाच-सहावर उतरला की पहाटे बागेत शेकोट्या आणि ठिबक चालू, नाहीतर मण्यांना तडे जातात. जानेवारीत मणी? हो. मग छाटणी कधी? दोनदा! ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये माल, आणि माल निघाला की एप्रिलमध्ये खरड छाटणी, ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांवर, एकेक डोळा ठेवून वेल खरडून काढायची. वर चाळीस डिग्री, वेलीवर एक पान नाही, ओलांडे तापू नयेत म्हणून पाणी फवारायचं आणि डोळे फुटायची वाट बघायची.

आजोबा म्हणाले, वेल मरते. मी मामाला व्हॉट्सअॅप कॉल लावला, स्पीकरवर. मामा म्हणाला, सांग त्यांना, मरत नाही, उलट याच उन्हात पुढच्या हंगामाचे घड काडीत ठरतात. मेमध्ये स्वच्छ ऊन पाहिजे. ढगाळ राहिलं, काडीला ऊन मिळालं नाही, की ऑक्टोबरला छाटून उपयोग काय, घडाऐवजी नुसत्या बाळ्या, म्हणजे वेलीचे ताणे. २०२५ला तेच झालं ना, मे महिनाभर वळीव काय, अवकाळी काय, पाऊस उघडला नाही, २६ मेला तर मान्सून मुंबईत येऊन बसला, कांदा शेतात सडला आणि बागांना घड कमी. आजोबांनी सगळं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, हे तुमचे मामा कुठे नोंदवतात? मामाच्या बागेत हवामान केंद्राचा खांब आहे, पानावर किती वेळ ओलावा राहिला तेसुद्धा मोबाईलवर कळतं, तो जेवता जेवता ते बघतो आणि भुरी, डाऊनी या रोगांवरचा फवारा ठरवतो. हे सांगताना माझी मान इतकी ताठ झाली होती की विचारू नका, जसं काही ते केंद्र मीच बसवलं.

नाशिकला मेमध्ये ये, असं आई दरवर्षी म्हणते. इथल्या शाळांना आपल्यासारखी मेची सुट्टी नसते, मेअखेर-जूनमध्ये दोन आठवडे आणि मोठी सुट्टी थेट जुलैच्या शेवटी, मधे मुलाला शाळेतून काढून विमानात बसवता येत नाही, हजेरीबाबत फार कडक आहेत. म्हणून आम्ही येतो ते ऑगस्टमध्ये, गंगापूर धरण भरलेलं असतं, ब्रह्मगिरीवर ढग, सगळं हिरवंगार, मुलांना वाटतं नाशिक कायम असंच असतं. मी पण म्हणते, पावसाळ्यातलंच नाशिक खरं, उन्हाळ्यात काय ठेवलंय, लाइट जातात, नळाला गरम पाणी. शिवाय इथे जाणवणारं तापमान ३२च्या वर गेलं की हवामान खातं उष्णतेचा इशारा देतं आणि त्याला मी हसायचं सोडून दिलंय, कारण आमचा फ्लॅट छपराखाली, छताला पंखा नाही, शहर खळग्यात असल्याने रात्रीसुद्धा वारं हलत नाही. नाशिकला चाळीस झालं तरी पहाटे गच्चीवर चादर ओढावी लागायची, असं मी नवऱ्याला सांगते. तो सोलापूरचा आहे, तो काही बोलत नाही.

मध्ये कळलं की आपल्याकडेही असं झाडं बघण्याचं काम चालतं, सीझनवॉच म्हणून, एकच झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याची पानं-फुलं-फळं नोंदवायची, केरळमधल्या शाळांमध्ये ते भरपूर चालतं. लगेच आईच्या मागे लागले की कोपऱ्यावरचा बहावा तुझा, तू नोंदव. पहिलं फूल कधी दिसलं सांग. आई म्हणाली, तारीख कोण बघतंय, आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीला खाली उतरलो तेव्हा दोन घोस होते. मी म्हटलं, दोन चालत नाहीत, झाडावर तीन ठिकाणी उमललेलं पाहिजे.

"मग तिसरा तू येऊन मोज," म्हणाली आणि कुरडया उलटायच्यात म्हणून फोन ठेवला.